वाचनकट्ट्यावरचे वाढदिवस (नाशिक)

आयुष्यातला एखादा टप्पा, मग तो वाढदिवस असो, रिटायरमेंट असो, लग्नाची पंचविशी असो नाहीतर नुसतं "यंदा शंभर पुस्तकं झाली बुवा" एवढंच असो, तो ज्यांच्यासोबत आपण पुस्तकं वाचतो त्या मंडळींमध्ये, म्हणजे वाचनकट्ट्यावर, साजरा करायचा, अशी ही एक पद्धत. तिला ठरलेलं असं एक नाव नाही. कुणी पुस्तकी वाढदिवस म्हणतं, कुणी ग्रंथभेट म्हणतं आणि बरेच जण काहीच म्हणत नाहीत, फक्त "रविवारी सकाळी मिसळ खायला या" असा निरोप येतो आणि गेल्यावर कळतं की आज काकांची पंच्याहत्तरी आहे. नाशिकमध्ये हा प्रकार चांगलाच रुजलाय. ओळखायची खूण एकच, ज्याचा दिवस असतो तोच इतरांना काहीतरी देतो, आणि ते बहुतेक वेळा पुस्तक असतं.

आधीपासून काय होतं

पुस्तक वाचून संपलं म्हणून सगळ्यांनी मिळून जेवायचं, यात नवीन काही नाही. चातुर्मासात देवळात पोथी लावतात, एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात, मधेच कुणाला डुलकी लागते, आणि ग्रंथाची सांगता झाली की वाचणाऱ्याला शाल-नारळ-दक्षिणा आणि गावाला महाप्रसाद. ज्ञानेश्वरीचे अध्याय 18, ओव्या 9 हजारांच्या आसपास, आणि सप्ताहात हे सगळं 7 दिवसांत वाचून होतं म्हणजे रोज साधारण तेराशे ओव्या, हा वेग आजच्या कुठल्याही पट्टीच्या वाचकाला घाम फोडेल. आता लोक वर्षाला किती पुस्तकं झाली ते डायरीत लिहून ठेवतात ना, तसा हिशोब आपल्या आज्यांकडेपण असायचा, फक्त त्या पारायणं मोजायच्या.

दुसरी जुनी गोष्ट म्हणजे तुला, माणसाच्या वजनाइतकी वस्तू तोलून ती दान करायची. शिवाजी महाराजांची 1674 साली राज्याभिषेकाच्या वेळी सुवर्णतुला झाली हे शाळेत सगळ्यांनीच वाचलेलं असतं, पुढे साध्या माणसांच्या गुळाच्या, साखरेच्या तुला होऊ लागल्या आणि त्याच ओळीत ग्रंथतुला आली. पन्नाशी, साठी नाहीतर पंच्याहत्तरीला माणसाला तराजूच्या एका पारड्यात बसवायचं, दुसऱ्यात पुस्तकं रचायची आणि मग ती शाळांना, वाचनालयांना वाटून टाकायची. हिशोब करून बघितला तर नेहमीच्या आकाराचं दोनशे पानी पुस्तक भरतं पाव किलोच्या आतबाहेर, म्हणजे 70 किलोच्या माणसाला पावणेतीनशे-तीनशे पुस्तकं लागतात. सत्कारमूर्ती बारीक असले की शाळेचं नुकसान. आणि वजन भरायचं म्हणून जाडजूड, न खपलेले ठोकळे आणून रचायचे हा मोह आयोजकांना होतोच, तो त्यांनी टाळावा.

साठी, पंच्याहत्तरी यांच्यापुढे सहस्रचंद्रदर्शन असतं. दोन पौर्णिमांमधलं अंतर साडेएकोणतीस दिवसांचं धरलं तर हजार पौर्णिमा बघायला 80 वर्षं आणि वर साधारण 10 महिने लागतात, म्हणून तो सोहळा एक्याऐंशीव्या वर्षात करतात. त्यात पूजा-होम असतोच, पण कट्ट्यावरच्या एखाद्या आजोबांचं असलं की त्यांच्या तरुणपणीच्या आवडत्या लेखकाची पुस्तकं शोधून आणायची जबाबदारी कुणीतरी घेतो.

नाशिकच का

सार्वजनिक वाचनालय, म्हणजे ज्याला अख्खं गाव सावाना म्हणतं, ते 1840 सालचं. आजोबा, मुलगा, नात तिघंही एकाच वाचनालयाचे सभासद अशी घरं इथे सापडतात. पण खरं कारण मला विचाराल तर तात्यासाहेब. विष्णु वामन शिरवाडकर म्हणजे कुसुमाग्रज, जन्म 27 फेब्रुवारी 1912, लहानपण पिंपळगाव बसवंतला, आणि नंतर आयुष्यातला मोठा काळ नाशिकलाच. 1987 चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. त्यांचा वाढदिवस मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो, राज्य सरकारने त्याचा निर्णय 2013 साली काढला. त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार 1991 पासून एक वर्षाआड याच तारखेला देतात, पहिला विजय तेंडुलकरांना दिला होता. मधल्या वर्षी गोदावरी गौरव असतो, तो 10 मार्चला, म्हणजे 1999 साली ज्या दिवशी तात्यासाहेब गेले त्या तारखेला. एका माणसाचा जन्मदिवस आणि स्मृतिदिन दोन्ही दिवशी आपण दुसऱ्या कुणाचा तरी सन्मान करायचा, हे ज्या गावाने इतकी वर्षं बघितलंय त्या गावात लोक स्वतःच्या वाढदिवसाला पुस्तकं वाटायला लागले तर त्यात नवल काय.

ग्रंथ तुमच्या दारी

हे या सगळ्यातलं सर्वांत मोठं आणि बाहेरगावीही माहीत असलेलं रूप. विनायक रानडे यांनी 2009 साली कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे हे सुरू केलं. कल्पना अगदी साधी आहे, वाढदिवस असेल, लग्नाचा वाढदिवस असेल, कुणाची आठवण असेल, तर तेवढ्यापुरते पैसे पुस्तकांसाठी द्या, त्या पैशांतून ग्रंथपेटी तयार होते. पेटीत 25 पुस्तकं. ती एखाद्या सोसायटीत, ऑफिसात, बचतगटात नाहीतर हॉस्पिटलमध्ये जाते, तिथली माणसं आपापसात पुस्तकं फिरवतात, वाचून झाली की ती पेटी पुढच्या गटाकडे आणि त्यांची इकडे. फी नाही. नाशिकमधून निघालेल्या या पेट्या महाराष्ट्रभर गेल्या आणि पुढे दुबईसारख्या परदेशातल्या मराठी लोकांपर्यंतही पोचल्या. आता यातली गंमत बघा, वाढदिवस कॉलेज रोडवरच्या कुणाचा तरी आणि त्याचं पुस्तक रात्री जागून वाचणारा भलत्याच गावातला, दोघांची कधी भेट होणार नाही. केक कापला असता तर सोसायटीच्या बाहेर गेला नसता.

कट्ट्यावर प्रत्यक्षात काय होतं

छोट्या गटांचं काम याहून घरगुती असतं. आठ-दहा माणसं, जागा म्हणजे कुणाचा तरी हॉल, गोदापार्क, नाहीतर मिसळीचं हॉटेल, आणि ओझरजवळ दहाव्या मैलावरचं आजींचं पुस्तकांचं हॉटेल माहीत असेल तर तिकडेही गाड्या काढतात कारण तिथे जेवण येईपर्यंत वाचायला पुस्तकं मिळतात. ज्याचा दिवस त्याने आपल्याला आवडलेलं एक पुस्तक आणायचं, ते का आवडलं ते दहा मिनिटं सांगायचं (दहाची पस्तीस होतातच) आणि ते कट्ट्याला देऊन टाकायचं. नोटांच्या प्रेसमधून, एचएएलमधून (ओझरचा विमान कारखाना) रिटायर झालेली मंडळी इथे फार जोरात असतात, चाळीस वर्षं वाचायचं राहिलेलं सगळं त्यांना दोन वर्षांत वाचायचं असतं. मुलांचं वेगळं, मूल पहिलं पुस्तक कुणाच्या मदतीशिवाय वाचतं तो दिवस काही कट्ट्यांवर बाळाच्या पहिल्या दातासारखा मिरवतात आणि मला तरी तो पंच्याहत्तरीपेक्षा मोठा वाटतो.

शंभर पुस्तकं झाली वगैरे टप्प्यांवर मात्र भांडणं होतात. दिवाळी अंक धरायचा का? ऐकलेलं पुस्तक धरायचं का? परत वाचलेलं एक की दोन? आमच्या कट्ट्यावर दिवाळी अंक अर्धा धरावा असं ठरलं होतं, ते कुणालाच पटलं नाही पण कुणी बदललंही नाही.

यातूनच पुस्तक भिशी निघाली. नेहमीच्या भिशीसारखेच दरमहा ठरलेले पैसे काढायचे, चिठ्ठी उचलायची, पण ज्याची निघेल त्याने रोख न घेता तेवढ्याची पुस्तकं घ्यायची आणि पुढच्या महिन्यात आणून दाखवायची. वाढदिवसाच्या महिन्यात बिनाचिठ्ठीची भिशी देतात अशी सोयही काही ठिकाणी असते. बायकांच्या गटांत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून पुस्तक द्यायची पद्धत आहे, प्लास्टिकच्या डब्यांपेक्षा कितीतरी बरं, आणि घरात नवीन सून आली की तिच्या पहिल्या संक्रांतीला तर नक्कीच. शिवाय 15 ऑक्टोबर, अब्दुल कलामांचा जन्मदिवस, हा राज्यात 2015 पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात, त्या दिवशी शाळांमध्ये असंच चालतं पण तिथे हजेरी असते त्यामुळे मजा थोडी कमी.

अडचणी

"बुके नको, बुक आणा" असं निमंत्रणावर छापलं की लोक खरंच पुस्तकं आणतात आणि मग वेगळाच घोळ होतो. माझ्या ओळखीच्या एका काकूंना रिटायरमेंटला 31 पुस्तकं मिळाली, त्यातली सहा एकच होती, यश कसं मिळवावं या विषयावरची, आणि काकू तर नोकरी संपवून घरी निघाल्या होत्या. यावर उपाय म्हणजे आधी यादी देणं, पण यादी दिली की हावरट दिसतो असं आपल्याकडे वाटतं. म्हणूनच उलटा प्रकार, म्हणजे ज्याचा दिवस त्याने द्यायचं, हा जास्त टिकला असावा असं माझं मत.

पहिल्या पानाचाही प्रश्न असतोच. पुस्तकावर "सप्रेम भेट", नाव, तारीख लिहायची की नाही? लिहिलं तर ते पुढे कुणाला देताना हात अडतो, नाही लिहिलं तर कुणाच्या कशाच्या निमित्ताने आलं तेच विसरायला होतं. आमच्याकडे तोडगा असा निघाला की शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहायचं, कोण, कशासाठी, आणि खाली जो वाचेल त्याने आपली तारीख टाकत जायची. एका कादंबरीच्या शेवटच्या पानावर अशा चौदा तारखा झाल्यात. देणाऱ्या काकांची पंच्याहत्तरी होती तेव्हाची पहिली, ते मागच्या वर्षी गेले. पुस्तक अजून फिरतंय, सध्या इंदिरानगरला कुणाकडे तरी आहे, ज्यांच्याकडे असेल त्यांनी आणून द्यावं, दोन जण नंबर लावून बसलेत.