स्तनाचा कर्करोग, वजन आणि रक्तातली प्रथिनं: अभ्यासात सहभागी व्हायचं असेल तर

वजनाचा या आजारावर काय परिणाम होतो, हे पाहणाऱ्या अभ्यासांत रुग्णाच्या रक्तातली काही प्रथिनं मोजतात. लेप्टिन आणि अ‍ॅडिपोनेक्टिन ही चरबीच्या पेशींतून रक्तात येणारी प्रथिनं; चरबी वाढली की लेप्टिन वाढतं, अ‍ॅडिपोनेक्टिन घटतं. अंगात दाह (आतली सूज) असेल तर सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन चढतं.

सहभागासाठी साधारणपणे वय 18 पूर्ण लागतं आणि बायोप्सीने (गाठीचा तुकडा तपासून) निदान पक्कं झालेलं असावं लागतं. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) 30 किंवा जास्त असला की सर्वसाधारणपणे लठ्ठपणा धरतात, भारतीयांसाठी बऱ्याचदा 25 पासूनच. पण तुलनेसाठी बेताच्या वजनाचे रुग्णही हवे असतात, तेव्हा ‘मी कुठे लठ्ठ आहे’ म्हणून परस्पर मागे फिरू नका. गरोदरपण किंवा दुसरा कर्करोग असल्यास बहुधा घेत नाहीत. उपचार कुठवर आलेत हेही विचारतात. केमोबरोबर दिलेल्या स्टेरॉइडने साखर आणि इन्सुलिन बदलतं, म्हणून बऱ्याचदा रक्ताचा पहिला नमुना केमोआधीच हवा असतो. चौकशी लवकर करा.

सोबत ओळखपत्र, बायोप्सीचा रिपोर्ट (त्यात ईआर, पीआर, हर-2 यांची, म्हणजे गाठीचा प्रकार ठरवणाऱ्या चाचण्यांची, नोंद हवी), शस्त्रक्रिया झाली असल्यास डिस्चार्ज कार्ड आणि चालू औषधांची यादी न्या. यादीत मधुमेहाच्या आणि सुजेवरच्या गोळ्या हमखास राहून जातात.

खरा वेळ द्या तो संमतीपत्राला. ते घरी नेऊन वाचायचा तुम्हाला हक्क आहे. अभ्यासाला नीतिशास्त्र समितीची मंजुरी आहे का, नमुना किती वर्षं ठेवणार, त्यावर जनुकीय तपासणी होणार का, नावाऐवजी सांकेतिक क्रमांक वापरणार का, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असायला हवं. नसेल तर विचारा, आणि उत्तर मिळाल्यावरच सही करा. नकार दिला म्हणून उपचारात काडीचाही फरक पडता कामा नये.

नमुन्याच्या दिवशी बहुधा उपाशीपोटी बोलावतात. उंची, वजन, कंबरेचा घेर मोजतात. आदल्या दिवसांत ताप, सर्दी किंवा दाताचं दुखणं झालं असेल तर आधी सांगा. तेवढ्यानेही सीआरपी वाढतं आणि आकडा फसवा येतो. काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर रक्त शक्यतो दुसऱ्या हातातून घ्यायला सांगा.

हे आकडे संशोधनासाठी असतात. त्यावरून तुमची औषधं बदलत नाहीत. काही काळजीचं आढळलं तर कळवणार का, हे मात्र सहीआधीच विचारून घ्या. पुढे कधीही, कारण न देता, बाहेर पडता येतं. तेव्हा उरलेल्या नमुन्याचं काय करायचं, तेही लेखी कळवा.