शिडीआधी जॅक मोजा

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या गल्लीत परवा टेप धरून मोजमाप केलं. समोरासमोरच्या घरांत अंतर साडेपाच मीटर. गटारावरच्या फरश्या आणि भिंतीलगतच्या दुचाक्या सोडल्या की जेमतेम चार उरतात. टेपचं दुसरं टोक धरलेल्या शेजारच्या मुलानं विचारलं, "काका, मग अग्निशमन दलाची शिडीची गाडी इथं पाय कुठं टाकणार?"

नवी शिडीची गाडी म्हटलं की आपण पहिल्यांदा उंची विचारतो. बेंगळुरूत 2022 मध्ये 90 मीटरची आली, आपल्याकडं किती मीटरची? माझ्या मते बेळगावनं आधी जॅक, म्हणजे गाडी उलटू नये म्हणून बाजूला निघून जमिनीवर टेकणारे पाय, किती रुंद पसरतात ते विचारावं.

हिशेब तराजूचा आहे. टोकावरच्या पाळण्यात माणसं आणि सामान मिळून 300 किलो, आणि पाळणा जॅकच्या रेषेबाहेर 15 मीटर गेलेला, असं धरा. उलटवणारा जोर, म्हणजे वजन गुणिले अंतर, झाला साडेचार टन-मीटर. शिडीचं स्वतःचं वजन 3 टन, त्याचा मध्य 5 मीटर बाहेर, म्हणजे आणखी 15. एकूण साडेएकोणीस. सावरायला आहे खालची 12 टनांची गाडी. अडीच मीटर रुंदीच्या चाकांवर तिच्या वजनाचा मध्य कडेपासून सव्वा मीटरच आत, म्हणून ती फक्त 15 टन-मीटर सावरते, म्हणजे उलटणारच. जॅक पाच मीटर पसरले की तीच गाडी 30 सावरते. वजन तेवढंच, टेकू लांब गेला एवढंच.

आमच्या चार मीटरांत हे जॅक पूर्ण उघडणार नाहीत. म्हणून नव्या गाडीत एक सोय मी अडून मागेन: प्रत्येक जॅक किती बाहेर आला हे ओळखून त्या बाजूला शिडीला तेवढंच जाऊ देणारा संगणक. मागची चाकंही वळणारी हवीत, नाहीतर खडे बाजारातून आत वळतानाच गाडी अडकेल. सरळ शिडीपेक्षा कोपरातून वाकणारा हात बरा, विजेच्या तारांवरून पलीकडं उतरता येतं.

जमिनीचंही पाहायला हवं. एका जॅकवर 8 टन आले आणि त्याचा तळवा 40 सेंटिमीटर चौरस असला, तर दर चौरस सेंटिमीटरला 5 किलो दाब पडतो. खानापूरकडची जांभ्याची जमीन सोसेल. पूर्वेकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात तळवा रुतेल, गटाराची फरशी तर फुटेलच. तळव्याखाली 80 सेंटिमीटर चौरस जाड फळी घातली की दाब सव्वा किलोवर येतो. अशा फळ्या गाडीवर हाताशी हव्यात.

आमच्या चौकात जॅक नीट उघडतात, पण तिथून माझ्या माळ्याची खिडकी 22 मीटर लांब आहे आणि जमिनीपासून 9 मीटर उंच. एवढं आडवं जाणं पुष्कळ शिड्यांना झेपत नाही. शहापूर-वडगावात घरात माग आहेत, सुताचे गठ्ठे आहेत. धूर जिन्यातून वर चढायला वेळ लागत नाही.

तिथं कामाला येते ती साडेदहा मीटरची सरकती हातशिडी. पायथा भिंतीपासून उंचीच्या चौथ्या भागावर, म्हणजे सव्वादोन मीटरवर ठेवला की ती साधारण 75 अंशांत उभी राहते. आमच्या गल्लीत एवढी जागा आहे, फक्त खिडकीखालची दुचाकी हलवावी लागेल. ही शिडी गाडीच्या टपावर उंच बांधलेली नको. जमिनीवर उभ्या जवानांना खांद्याच्या उंचीवरून ओढून काढता आली पाहिजे.

माझी दुचाकी मी त्या दिवसापासून चौकात लावतो.