फिश टँकच्या स्टँडला तिरकी पट्टी हवी

नाशिकच्या सातपूर किंवा अंबडमधल्या फॅब्रिकेटरकडे (लोखंडी काम करणाऱ्याकडे) जुना लोखंडी स्टँड मजबूत करायला नेला, की बोलणे बहुतेक वेळा पायांच्या जाडीवर येते. ‘जाड अँगल (एल आकाराची लोखंडी पट्टी) मारा, मग कितीही वजन ठेवा.’ हा समज मला धोक्याचा वाटतो. स्टँडचे पाय वजनाने चिरडण्याची भीती जवळजवळ नसते. भीती असते ती चौकट बाजूला कलंडण्याची.

४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टँक म्हणजे ९ घनफूट, काठोकाठ भरला तर २५५ लिटर पाणी. १० मिमी काच आणि तळाची खडी धरून सगळे मिळून ३३० किलोंच्या आसपास जाते. एका पायावर ८०-८५ किलो. आता २५ मिमी चौरस पाइप घ्या, पत्रा १.६ मिमी. त्यात पोलादाचा छेद १५० चौरस मिमी भरतो आणि साधे पोलाद दर चौरस मिमीला सुमारे २५ किलो सोसते. म्हणजे एकच पाय पावणेचार टन पेलेल!

मग घोडे अडते कुठे? गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरने १७४४ मध्ये दाखवले, की सडपातळ खांब चिरडण्याआधी वाकून निकामी होतो आणि त्याची क्षमता लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. पायाचे वरचे टोक आडवे सरकू शकत असेल, तर तो पाय दुप्पट लांब असल्यासारखा वागतो. दुपटीचा वर्ग चार, म्हणून क्षमता एकदम चौथाईवर येते. तीही वरचा सांधा पक्का असेल तरच. नुसता टॅक (वेल्डिंगचा छोटा ठिपका) मारलेला सांधा बिजागरीसारखा फिरू लागला, की पाय कितीही जाड असोत, उपयोग नाही. टँक जरा सरकला की त्याचे वजनच त्याला आणखी पुढे ढकलते.

काडेपेटीचे बाहेरचे खोके आतला ड्रॉवर काढून बाजूने दाबून पाहा. बाजू तशाच राहतात, फक्त कोन बदलतात आणि चौकोन आडवा होतो. त्रिकोणात हे शक्यच नाही, कारण तीन बाजूंची लांबी ठरली की कोनही ठरले. ४ फूट बाय अडीच फूट चौकटीत २५ बाय ३ मिमीची तिरकी पट्टी वेल्ड केली, तर वरचा दांडा १ मिमी सरकण्यासाठी त्या पट्टीला ०.८५ मिमी ताणावे लागते. त्याला सुमारे ९०० किलोंची ओढ लागते! एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निघणाऱ्या उच्चदाब वाहिन्यांचे मनोरे बारीक अँगलांचे असूनही उभे राहतात, ते याच त्रिकोणांवर.

पट्टी ओढ घेते, दाब घेत नाही. दाबली की ती बाक धरते. म्हणून पट्टी वापरायची तर फुलीसारख्या दोन हव्यात, पाइप असेल तर एक पुरतो. चारही बाजूंना लावायची गरज नाही. वरची चौकट स्वतः ताठ असेल, तर मागची आणि दोन्ही आखूड बाजू बांधल्या की पुढची आपोआप बांधली जाते, फिल्टर आणि पाइपांसाठी मोकळी राहते. ४ फुटांच्या लांब दांड्याखाली मध्ये एक पाय मात्र द्या, नाहीतर दांडा झोळ धरतो आणि तळाच्या काचेवर ताण येतो.

टँक ईशान्येला ठेवा म्हणजे घरात पैसा टिकतो, असे वास्तूवाले सांगतात. त्याला काहीही आधार नाही. राहत्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो धरून आखतात, टँकखाली मात्र ६०० च्या जवळ जातात. तेव्हा दिशा सोडा, खालून बीम कुठे जातो ते पाहा आणि टँक भिंतीलगत ठेवा.

वेल्डिंग टँक काढूनच करायचे. गॅल्व्हनाइज्ड पाइप असेल तर सांध्यावरचा जस्ताचा थर आधी घासून काढा, वेल्डिंगमध्ये त्याचा धूर श्वासात गेला तर बाधतो. काटकोन तपासायला गुण्या लावा, चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजून सारखे करा, गंज रोखणारा रेड ऑक्साइड रंग द्या. मग टँक निम्मा भरून एक रात्र थांबा, कर्ण पुन्हा मोजा आणि फरक नसेल तरच उरलेले पाणी सोडा.