वाळवंटातलं अंगण आणि मीटरभर सळई

ऐन उन्हाळ्यात, दुपारी चारच्या सुमाराला, वाळवंटी भागातल्या कुठल्याही अंगणात डोकावून बघा. रुंद पानांची झाडं माना टाकून उभी असतात. बघणाऱ्याचा जीव कळवळतो आणि हात आपोआप नळाकडे जातो. तो हात तिथेच आवरला, तर पुढची बरीच दुखणी टळतात.

पानं लोंबली म्हणजे माती कोरडी पडली, असं दर वेळी नसतं. पानांवरच्या बारीक छिद्रांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून, वाफ सतत बाहेर पडत असते. कोरड्या, तापलेल्या हवेत ती इतक्या वेगाने उडते की मातीत ओल असूनही मुळांचा पुरवठा कमी पडतो. पेशींमधला दाब उतरतो आणि पान खाली येतं. त्यात पानाचा थोडा फायदाही असतो, कारण लोंबलेल्या पानावर ऊन तिरकं पडतं. रात्री हवा निवली की मुळं उधारी फेडतात. म्हणून तहानेची परीक्षा घ्यायची ती सूर्योदयाच्या आधी. झाडातला पाण्याचा ताण मोजणारे वनस्पतिशास्त्रज्ञही पान तोडायला पहाटेच जातात. तेव्हा पान ताठ असेल तर झाडाला पाणी पुरतंय. पहाटेही मान खालीच असेल तर दोन शक्यता उरतात: माती खरोखरच सुकली आहे, किंवा पाणी इतकं झालंय की मुळं कुजली आहेत. कुजलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही, त्यामुळे पाण्यात उभं असलेलं झाडही तहानेने मरतं. वरून बघून दोन्हींत फरक कळत नाही.

तो कळायला एक सळई लागते. करंगळीएवढ्या जाडीची, मीटरभर लांबीची साधी लोखंडी सळई. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी ती झाडाच्या आळ्यात सरळ दाबायची. ओली माती तिला वाट देते. कोरडी लागली की सळई अडते, मग कितीही जोर करा. जमिनीच्या पातळीवर अंगठा धरून सळई बाहेर काढली की पाणी किती खोल गेलं ते समोर दिसतं. (पहिल्याच वीतभरात ठण् झालं तर बहुधा दगड लागला असतो. जरा बाजूला सरकून पुन्हा दाबायची.) अमेरिकेतल्या ॲरिझोनात यासाठी एक-दोन-तीनचा सोपा नियम शिकवतात: छोट्या फुलझाडांना एक फूट, झुडपांना दोन फूट, मोठ्या झाडांना तीन फूट. म्हणजे साधारण ३०, ६० आणि ९० सेंटिमीटर. ऋतू बदलला म्हणून ही खोली बदलत नाही, दोन पाण्यांमधले दिवस बदलतात. मला हे सगळ्या बागकामातलं सगळ्यात उपयोगी वाक्य वाटतं. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. उन्हाळ्यात रोज आणि हिवाळ्यात रोज, फक्त नळ कमी-जास्त वेळ सोडतात.

मातीचा पोतही इथे बोलतो. २५ मिलिमीटर पाणी रेताड मातीत साधारण ३० सेंटिमीटर खोल उतरतं, तर चिकणमातीत १०-१२ सेंटिमीटरवरच थबकतं. चिकणमातीला पाणी सावकाश आणि बऱ्याच दिवसांच्या अंतराने द्यायचं, रेताडीला लवकर लवकर. दोन पाण्यांच्या मधे माती वाफशावर यायला हवी. वाफसा म्हणजे मातीच्या बारीक पोकळ्यांत ओल आणि मोठ्या पोकळ्यांत हवा. मुळांना श्वास घ्यायला ती हवा लागते.

रोज थोडंथोडं पाणी देण्याचा आणखी एक तोटा असतो, तो सहज दिसत नाही. पाण्यात क्षार असतात. ॲरिझोनाच्या शहरांना कालव्यातून येणाऱ्या कोलोरॅडो नदीच्या पाण्यात लिटरला ६०० मिलिग्रॅमच्या आसपास क्षार विरघळलेले असतात. म्हणजे १,००० लिटर पाण्याबरोबर आपण अंगणात अर्ध्या किलोहून जास्त क्षार टाकतो. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. ठिबकच्या तोटीभोवती वाकून बघा. मधे ओला काळसर गोल आणि त्याच्या कडेला पांढरी, खरखरीत रेघ. ती रेघ क्षारांची. पाणी बाहेरच्या दिशेने पसरताना क्षारांना कडेपर्यंत ढकलत नेतं. तिथे ते असेपर्यंत झाडाचं काही बिघडत नाही. पण पावसाची हलकी सर आली की तेच क्षार विरघळून आत, मुळांपाशी येतात. म्हणून खाऱ्या पाण्यावर वाढवलेल्या बागेत हलक्या पावसात ठिबक बंद करायचं नसतं, उलट चालूच ठेवायचं असतं. शेजाऱ्यांना वेड्यासारखं वाटेल, वाटू द्या. शिवाय अधूनमधून एकदा भरपूर, खोल पाणी देऊन क्षार मुळांच्या खाली धुऊन काढावे लागतात. रोजच्या शिडकाव्याने ते कधीच खाली जात नाहीत. पानांच्या कडा करपायला लागल्या की समजायचं, हिशेब थकला आहे.

ठिबक ही वाळवंटानेच दिलेली देणगी आहे. इस्राएलच्या नेगेव वाळवंटातल्या हात्झेरिम या किबुत्झने, म्हणजे सामूहिक वसाहतीने, सिम्खा ब्लास या अभियंत्याची कल्पना घेऊन १९६५ साली ठिबकच्या नळ्या बनवणारी कंपनी काढली. तंत्र उत्तम आहे, गडबड आपण करतो. रोप लावताना तोटी बुंध्याशी ठेवतो आणि झाड घराएवढं झालं तरी ती तिथेच. पाणी शोषणारी कोवळी मुळं तोवर फांद्यांच्या घेराच्या कडेला आणि त्याही पलीकडे गेलेली असतात. बुंधा मात्र बारा महिने ओला राहून सडतो. तोट्या दर वर्षी बाहेर सरकवायला हव्यात.

या अंगणाचं वर्ष शरदात सुरू होतं. उन्हाळ्याचा कडाका ओसरलेला असतो, पण माती अजून कोमट असते. वर पानांवर ताण नाही आणि खाली मुळांना ऊब, असे हे दिवस. त्यात लावलेल्या झाडाला पुढच्या उन्हाळ्याआधी सहा-सात महिने मुळं पसरायला मिळतात. वसंतात लावलेल्या झाडाची मुळं नीट बसायच्या आत काहिली सुरू होते. दंवाने दुखावणारी नाजूक जातीची झाडं तेवढी वसंतासाठी राखून ठेवावीत.

खड्डा खणायला घेतला की कधीकधी दोन-तीन फुटांवर पहार ठणकन वाजते. तो दगड नसतो. पावसाने मातीतला चुना विरघळवून थोडा खाली नेला, पण पाऊसच तुटपुंजा, म्हणून तो तिथेच साचून घट्ट झाला. हजारो वर्षांत त्याचा काँक्रीटसारखा थर बनतो. अशा खड्ड्यात झाड लावणं म्हणजे भोक नसलेल्या कुंडीत लावणं. खड्डा पाण्याने भरून ठेवावा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर थर आरपार फोडावा, नाहीतर मुकाट्याने जागा बदलावी. मला विचाराल तर जागा बदला.

हाच चुना वसंतात पुन्हा भेटतो. नव्या पालवीची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, अशी जाळी दिसली की लोक नत्राचं खत टाकतात. नत्र कमी पडलं तर आधी जुनी पानं पिवळी पडतात. कोवळी पानं पिवळी पडली तर संशय लोहाच्या कमतरतेवर घ्यायचा. मातीत लोह असतंच, पण चुनखडीच्या अल्कधर्मी मातीत ते मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही. जास्त पाण्याने हा त्रास आणखी वाढतो, म्हणून खताच्या पिशवीआधी पुन्हा सळईच उचलायची.

झाड कुठे लावायचं, याबाबत वाळवंटाचं स्वतःचं मत आहे. ॲरिझोनाच्या सोनोरन वाळवंटातला सग्वारो हा थोराड निवडुंग दहा-बारा मीटर वाढतो. पण त्याचं रोप बहुधा दुसऱ्या एखाद्या झाडाच्या सावलीत जगलेलं असतं. ती सावली दुपारच्या उन्हापासून वाचवते आणि हिवाळ्यात रात्रीच्या गारठ्यापासूनही. अंगणात आधी एखादं चिवट सावलीचं झाड आणि मग त्याच्या आसऱ्याने बाकीची, हा क्रम त्यावरून घ्यावा. राजस्थानातल्या थर वाळवंटातली शमी, जिला तिकडे खेजडी म्हणतात, ती हे काम उत्तम करते. तिची मुळं खूप खोल जातात आणि तिच्याखाली पिकंही येतात.

चिवट झाड निवडताना मात्र ते मूळचं कुठलं हे विचारावं. अमेरिकेतून आणलेल्या वेड्या बाभळीने भारतातली किती कुरणं गिळली हे सांगायला नको. उलट, आपल्याकडेही मूळचं असलेलं अंजन गवत आफ्रिकेतून चारा म्हणून तिकडे गेलं आणि सोनोरन वाळवंटात बेफाम माजलं. तिथल्या झुडपांमधे उघडी माती असायची, त्यामुळे आग पसरत नसे. आता मधल्या जागेत हे सुकं गवत असतं आणि सग्वारो होरपळतात. हिवाळी पावसानंतर तण दिसलं की बी धरायच्या आत उपटावं ते यासाठीही.

हिवाळ्याचं काम थोडं आहे. निरभ्र, कोरड्या रात्री जमिनीची ऊब थेट आकाशाकडे निघून जाते आणि दिवसा वीस अंश असलेल्या ठिकाणी पहाटे दंव पडतं. नाजूक झाडावर कापड टाकायचं ते जमिनीला टेकेल असं, कारण ऊब जमिनीतून येते. बुंध्याला गळपट्टी बांधून मोकळं सोडलेलं कापड काही कामाचं नाही. आदल्या दिवशी माती ओली केली तर ती जास्त उष्णता धरते. दंवाने काळ्या पडलेल्या फांद्या वसंतापर्यंत कापू नयेत, त्या आतल्या जिवंत भागावर पांघरूण घालतात. आणि हिरवळ? हरळी उष्णतेत फोफावते, थंडीत झोपून पिवळी पडते. तिच्यावर राय गवत पेरून हिवाळाभर हिरवा गालिचा राखायची हौस लोकांना असते. मला ती पटत नाही. दक्षिण नेवाडाच्या जलप्राधिकरणाचा हिशेब असा की हिरवळ काढून कोरडवाहू झाडं लावली तर चौरस मीटरमागे वर्षाला सुमारे २,२०० लिटर पाणी वाचतं. नेवाडा राज्याने २०२१ मध्ये कायदाच केला. नुसत्या शोभेच्या हिरवळीला कोलोरॅडोचं पाणी देणं २०२६ अखेर बंद. घरगुती अंगणं त्यातून वगळली आहेत.

पण हिरवळ काढली की लोक दुसरं टोक गाठतात. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या डेन्वर शहराच्या पाणीखात्याने कमी पाण्यावरच्या बागेसाठी 'झेरिस्केप' हा शब्द काढला, ग्रीक 'झेरोस' म्हणजे कोरडा यावरून. ऐकणाऱ्यांनी त्याचा 'झीरोस्केप' केला आणि अंगणभर खडी ओतली. उन्हात अशी खडी साठ अंशांच्या वर तापते आणि ती उष्णता रात्री भिंतींना परत देते. झाड नेमकं उलटं करतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता लागते, म्हणजे साधारण दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी, आणि ती आजूबाजूच्या हवेतून आणि पानांतून घेतली जाते. झाडांच्या बुडाशी खडीपेक्षा पालापाचोळ्याचं किंवा लाकडाच्या चुऱ्याचं पाच-सात सेंटिमीटर आच्छादन बरं, फक्त बुंध्याला चिकटवू नये.

रात्र गार होणं किती मोलाचं आहे ते २०२३ मध्ये दिसलं. ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला. तिथल्या डेझर्ट बोटॅनिकल गार्डनमधल्या सग्वारोंचे हात गळून पडले, काही मुळासकट कोसळले. हा निवडुंग दिवसा पर्णरंध्रं मिटून ठेवतो आणि रात्रीच्या गारव्यात उघडून कार्बन डायऑक्साइड घेतो. रात्रीच तापलेल्या राहिल्या तर त्याने श्वास घ्यायचा कधी?

अशा दिवसांत अंगणात फार काही करायचं नसतं. खत नाही, छाटणी नाही. फांदी कापली की आजवर सावलीत असलेली साल उघडी पडते आणि उन्हाने तडकते. लिंबू-संत्र्यांच्या उघड्या बुंध्याला पाणी मिसळलेला पांढरा रंग लावतात तो याचसाठी.

मग थर काय किंवा सोनोरन काय, उन्हाळ्याच्या शेवटी वादळी पाऊस येतो. शंभर चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे १,००० लिटर पाणी, तेही जवळजवळ क्षार नसलेलं. ते रस्त्यावर सोडण्याऐवजी झाडांच्या पसरट, खोलगट आळ्यांकडे वळवावं. नव्या झाडाचा आधाराचा दोर आधीच सैल केलेला असावा. खोड वाऱ्यात हललं तरच ते जाड होतं.

वादळाच्या दुसऱ्या दिवशी आडव्या पडलेल्या झाडाजवळ जाऊन त्याची उपटलेली मुळं बघावीत. पुष्कळदा ती थाळीसारखी चपटी, जेमतेम वीतभर जाडीची निघतात. पाणी वर्षानुवर्षं जिथवर पोचलं तिथवरच मुळं गेली. त्याखालची माती सळईने चाचपली तर कोरडीठाक लागते. नवीन झाड त्याच दिवशी आणू नये. खड्डा उघडा ठेवून त्यात पाणी किती मुरतं ते बघत शरदाची वाट पाहावी.