हुबेहूब जुळणारी सही आणि खरी सही

गेल्या महिन्यात अंबाजोगाईला एका स्नेह्यांनी त्यांच्या आजोबांची सह्यांची वही माझ्यासमोर ठेवली. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील एका नेत्याची म्हणून सांगितली जाणारी सही तिच्यात दोन ठिकाणी आहे. एक पहिल्या पानावर, ठळक आणि सुबक. दुसरी मागच्या एका पानाच्या कोपऱ्यात, घाईची, शेवटचे अक्षर जेमतेम उमटलेली. एका जुन्या ग्रंथात छापलेली सही घरच्यांनी पारदर्शक कागदावर उतरवून दोन्हींवर ठेवून पाहिली होती. पहिली केसभरही न हलता जुळली, म्हणून ती अस्सल आणि कोपऱ्यातली संशयास्पद, असे त्यांनी ठरवले होते. हा समज सगळीकडे आढळतो आणि तो नेमका उलटा आहे.

एकाच कागदावर स्वतःची सही दहा वेळा करून पाहावी. उंची, कल, अक्षरांमधले अंतर प्रत्येक वेळी थोडे बदलते. म्हणून दोन सह्या तंतोतंत जुळल्या, तर त्यांपैकी निदान एक गिरवलेली, छापलेली किंवा यंत्राने केलेली असते. जॉन केनेडी यांच्या नावाच्या कितीतरी सह्या ऑटोपेन नावाच्या यंत्राच्या किंवा चिटणिसांच्या हातच्या आहेत आणि तज्ज्ञांनी त्या ओळखल्या त्या याच वाटेने.

मग पाहायचे काय? आकार नव्हे, वेग. डोळ्यांनी पाहिलेली चूक मेंदूपर्यंत जाऊन हाताची दिशा बदलायला साधारण एक दशांश ते एक पंचमांश सेकंद लागतो, आणि सरावलेल्या सहीतली एकेक ओढ जवळपास तेवढ्याच वेळात उमटून जाते. त्यामुळे सही करणारा माणूस रेषेला वाटेत वळवत नसतो. मेंदूने आख्खी हालचाल आधीच रचून हाताकडे सोपवलेली असते. ज्वारीच्या राखणीला बसलेल्याच्या गोफणीतून दगड एकदा सुटला की त्याची वाट बदलता येत नाही, तसेच हे आहे. नक्कल करणाऱ्याला मात्र समोरचा नमुना पाहत, थोडे लिहून, थांबून, पुन्हा पुढे जावे लागते. आकार साधतो, पण वेग हातचा जातो. रेषा सर्वत्र सारख्या जाडीची होते, तिची टोके बोथट राहतात, आणि पेन थबकले तिथे शाईचा बारीक ठिपका साचतो. खऱ्या सहीत निब कागदाला टेकते तेव्हाच हात चालू असतो आणि उचलतानाही चालूच असतो, म्हणून टोके सुईसारखी निमुळती होतात. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून हे स्पष्ट दिसते.

यामागे एक फार सुंदर नियम आहे. मोकळ्या हाताने वळणदार रेषा काढताना हाताचा वेग वळणाच्या त्रिज्येच्या घनमुळाच्या प्रमाणात असतो, असे १९८३ साली लाक्वानिती, तेर्झुओलो आणि विवियानी यांनी दाखवले. कोनीय वेग वक्रतेच्या दोन-तृतीयांश घाताच्या प्रमाणात बदलतो, असेही हेच मांडता येते. त्रिज्या आठपट झाली की वेग दुप्पट होतो. शाईच्या पेनातून हळू जाताना जास्त शाई उतरते, म्हणून घट्ट वळणावर रेषा गडद आणि लांब फराट्यात फिकी व्हायला हवी, आणि हा चढउतार वळणाच्या मापाशी सुसंगत असायला हवा. रेषा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला वळते त्या बिंदूशी त्रिज्या अनंत होते आणि तिथे हा साधा नियम लागू पडत नाही, तेवढी सवलत द्यावी लागते. गिरवणाऱ्याच्या हातात एका लांब चढउताराऐवजी अनेक छोटे छोटे चढउतार सापडतात.

वृद्धापकाळच्या थरथरीशी मात्र याची गल्लत करू नये. गांधीजी तर उजवा हात थकला की डाव्या हाताने लिहीत. त्यामुळे नमुना ताडून पाहताना तो त्याच काळातला आणि त्याच परिस्थितीतला असला पाहिजे.

सहीवरून स्वभाव आणि भविष्य सांगणारे, सहीखाली रेघ ओढली की भाग्य उजळते असे सांगून पैसे घेणारे लोक आपल्या जिल्ह्याच्या गावांतही आता शिबिरे भरवतात. रेषेत हाताची गती नोंदली जाते. नशीब नोंदले जात नाही, आणि या दाव्यांना शास्त्रीय आधार नाही.

केवळ अक्षर पाहून तज्ज्ञही फसतात. १९८३ साली हिटलरच्या म्हणून गाजलेल्या रोजनिशींचे अक्षर ज्या नमुन्यांशी ताडले, त्यांतले काही त्याच बनावटकाराने लिहिलेले होते. शेवटी कागदाने सत्य सांगितले, कारण त्यात दुसऱ्या महायुद्धानंतर वापरात आलेले शुभ्रक द्रव्य निघाले. अतिनील दिव्याखाली असा कागद निळसर चमकतो. कागजीपुऱ्यासारख्या ठिकाणी पूर्वी होणाऱ्या हातकागदात हे द्रव्य नसे. तरी कागद चमकला नाही एवढ्यावर सही खरी ठरत नाही, कारण जुन्या खतावणीतले कोरे पान फाडून घेणे अवघड नाही. बॉलपेन अमेरिकेच्या बाजारात १९४५ साली आले, त्यामुळे १९३० सालची तारीख घातलेली बॉलपेनची सही आली तर पुढे तपासायचे कारण उरत नाही.

मोलाचा प्रश्न यानंतरचा. गांधीजी हरिजन निधीसाठी ५ रुपये घेऊन सही देत, म्हणून त्यांच्या नुसत्या सह्या पुष्कळ उरल्या आहेत आणि मजकुराचे पत्र त्यांहून मोलाचे ठरते. स्वामी रामानंद तीर्थ यांचे १९४७-४८ सालचे, लढ्याविषयी काही सांगणारे पत्र कोणाच्या घरी असेल, तर त्यातली सही कापून चौकटीत लावू नये. संदर्भ गेला की मोलही जाते. लॅमिनेशन तर कधीच करू नये, कारण ते कागदाला इजा न करता काढता येत नाही.

अंबाजोगाईच्या वहीतली पहिली सही भिंगाखाली धरली, तेव्हा शाईच्या कडेने दोन ठिकाणी पेन्सिलची पुसट रेघ दिसली आणि सगळी टोके बोथट निघाली. कोपऱ्यातल्या सहीची वळणे गडद, फराटा फिका आणि शेवटचे टोक कागदात विरून गेलेले आहे. त्या काळातल्या इतर कागदांशी ती आता ताडून पाहायची आहे.