दिवा की बॅलास्ट? जुन्या प्रोजेक्शन टीव्हीचं चित्र फडफडतं तेव्हा

जुना डीएलपी टीव्ही (आतल्या दिव्याने मागून पडद्यावर चित्र टाकणारा) लुकलुकायला लागला की लोक पहिली गोष्ट करतात ती म्हणजे नवीन दिवा मागवतात. दिवा येतो, बसवतात, आठवडाभर बरं वाटतं किंवा तेवढंही नाही, परत फडफड सुरू. मग म्हणायचं की दिवाच खराब आला, दुसरा मागवा. दुसऱ्यानेही तेच केलं की टीव्ही उचलून रस्त्याच्या कडेला ठेवून द्यायचा. चांगला ६०-६५ इंची सेट, आरसा धड, स्क्रीन धड, चिप धड, आणि केवळ बॅलास्ट, म्हणजे दिव्याला वीज पुरवणारा एक बोर्ड, गेला होता म्हणून कचऱ्यात. हे बघून मला खरंच वाईट वाटतं. आणि याच्या अगदी उलट जातही आहे, दिवा नुसता म्हातारा झालाय आणि हे बॅलास्ट गेला म्हणून सेट पूर्ण उघडून बसलेत. म्हणून हे दोन रोग एकदाचे नीट वेगळे करून सांगतो.

कुठल्या टीव्हीबद्दल बोलतोय ते आधी. मागून पडद्यावर चित्र टाकणारे आणि आत दिवा असलेले सेट, म्हणजे सॅमसंग, मित्सुबिशी, तोशिबाचे डीएलपी, सोनीचे ग्रँड वेगा आणि एसएक्सआरडी, जेव्हीसीचे वगैरे. सोनीने २००७ च्या शेवटी हा धंदा सोडायचं जाहीर केलं, मित्सुबिशीने सगळ्यात शेवटपर्यंत धरून ठेवला आणि २०१२ मध्ये सोडला, त्यामुळे आज जो सेट चालू आहे तो म्हातारा आहेच. इथे अमेरिकेत आपल्या कितीतरी मराठी घरांच्या बेसमेंटमध्ये असा एखादा अजून आहे, २०११ चा वर्ल्ड कप ज्यावर सगळ्यांनी मिळून बघितला तो. त्याही आधीचे तीन ट्यूबवाले जड सेट असतात त्यांच्यात दिवाच नसतो, त्यांना यातलं काहीही लागू नाही.

अजून एक फाटा लगेच बाजूला काढू. चित्र फडफडत असताना रिमोटवरून टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडा. मेनू स्थिर आणि मागचं चित्रच उडतंय तर प्रश्न केबलचा, बॉक्सचा किंवा इनपुटचा आहे, एचडीएमआय काढून घाला, दुसऱ्या पोर्टात घाला, झालं. मेनूसकट सगळाच उजेड कमीजास्त होतोय तर पुढे वाचा. खोलीतले दिवे बंद करून मागच्या जाळीतून जो थोडा उजेड बाहेर येतो तो बघितलात तरी कळतं, तोच हलत असेल तर गडबड दिव्याच्या उजेडातच आहे, शंका नको. (डीएलपीवर नजर पटकन फिरवली की काहींना लाल-हिरव्या-निळ्या रेघा दिसतात, ते आतल्या फिरत्या रंगीत चकतीमुळे (कलर व्हील) आणि नवीन असतानाही दिसायचं, तो बिघाड नव्हे.)

आता मुख्य मुद्दा. दिवा कसा काढायचा ते तुम्हाला येतं, दोन-तीन स्क्रू आणि हँडल धरून ओढायचं, त्यात वेळ घालवत नाही. बॅलास्ट मात्र बहुतेकांनी बघितलेलाच नसतो. भारतात वाढलेल्या कुणालाही हे पटकन समजेल: ट्यूबलाइटला ट्यूब असते आणि तिचा चोक असतो, ट्यूब बदलूनही लागली नाही तर वडील चोक बघायचे, तेच नातं इथे दिवा आणि बॅलास्टचं. फक्त इथलं प्रकरण जास्त नाजूक आहे. हा दिवा म्हणजे क्वार्ट्झच्या छोट्याशा बोंडात दोन टंगस्टनची टोकं, मध्ये जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास अंतर, आणि आत पारा, जो तापल्यावर हवेच्या दाबाच्या २०० पट आणि वर दाब धरतो. दिवा पेटवताना बॅलास्ट त्याला काही हजार व्होल्टचा झटका देतो, ठिणगी पडली की लगेच सूर बदलून शंभरच्या आतबाहेर व्होल्टवर तिला सांभाळत बसतो, आणि त्याचं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर असतं की दिव्याला ठरलेले वॉट मिळाले पाहिजेत, १२० म्हणजे १२०. हे ठरलेल्या वॉटचं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दिवा म्हातारा होतो म्हणजे त्या टंगस्टनच्या टोकांचा आकार बिघडतो. नवीन असताना टोकावर एक छान बारीक उंचवटा असतो आणि ठिणगी त्यालाच धरून बसते. तो उंचवटा झिजला, किंवा एकाच्या जागी दोन-तीन झाले, की ठिणगी कधी याच्यावर कधी त्याच्यावर उड्या मारते. ती उडी म्हणजे तुम्हाला दिसणारी फडफड. म्हणून दिव्याच्या फडफडीत उजेड कधीच जात नाही, फक्त जागा बदलतो. नीट बघितलंत तर पडद्याची एक बाजू क्षणभर उजळते, मग दुसरी, किंवा पूर्ण पडद्याचा उजेड जरासा कमीजास्त होतो, तालबिल काही नाही, पाच मिनिटं शांत आणि मग अर्धा मिनिट थरथर. पांढऱ्या किंवा फिक्या स्थिर चित्रावर सगळ्यात जास्त कळतं, क्रिकेटमध्ये आकाश दाखवलं की लगेच. आणि सेट चालू होताना काही कुरकुर नसते, पहिल्या झटक्यात पेटतो.

याची एक फुकट चाचणी आहे जी कुणीच करत नाही. काही मॉडेलमध्ये मेनूत दिव्यासाठी ब्राइट आणि स्टँडर्ड असे दोन पर्याय असतात. वर्षानुवर्षं सेट कमी पॉवरवर चालवला की टोकं पुरेशी तापत नाहीत आणि ठिणगीला पक्की जागा मिळत नाही, तर तो पर्याय ब्राइटवर टाका आणि काही तास तसाच चालू द्या. टोकं तापतात, वितळून परत घडतात आणि पुष्कळदा फडफड कमी होते. कमी झाली म्हणजे रोग दिव्याचाच, शंभर टक्के, आणि वर त्याच दिव्यावर अजून काही महिने निघतील. दिवा वाचवायला कायम स्टँडर्डवर ठेवा हा सल्ला जो सगळे देत फिरतात तो मला म्हणूनच आवडत नाही, अधूनमधून ब्राइटवर चालवणं त्या दिव्याच्या भल्याचं आहे.

बॅलास्टचा रोग वेगळा वागतो. तिथे उजेड तुटतो. पडदा एकदम काळा होतो, आवाज चालू राहतो, मागून टिक टिक टिक असा पेटवायचा प्रयत्न ऐकू येतो, मग पेटतो किंवा दोन-तीन प्रयत्नांनंतर सेट हार मानून लाल लाइट लावून बसतो. आणि दुसरी खूण म्हणजे त्याला वेळापत्रक असतं. बॅलास्टमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे डबे) वर्षानुवर्षं दिव्याच्या शेजारी भाजून सुकतात, सुकलेला कपॅसिटर थंडीत अजूनच निकामी होतो, म्हणून जानेवारीत गार बेसमेंटमध्ये सेट तीन-चारदा टिकटिकून पेटतो आणि एकदा गरम झाला की तासन्‌तास सुरळीत. किंवा उलट, एखादा पार्ट तापला की सोडून देतो, मग रोज वीस-पंचवीस मिनिटांनी नेमका बंद. दिव्याच्या फडफडीला असं घड्याळ नसतं. घड्याळ दिसलं की बॅलास्टकडे बघा.

आता खरी गोम जिथे सगळे फसतात. फार म्हाताऱ्या दिव्यातही उजेड तुटतो. टोकं झिजून अंतर वाढलं की ठिणगी टिकवायला व्होल्ट जास्त लागतात, आणि ते बॅलास्टच्या मर्यादेबाहेर गेले की तो दिवा बंद करतो, म्हणजे बॅलास्ट आपलं काम चोख करतोय आणि आपण त्यालाच दोष देतोय. मग ओळखायचं कसं? दिवा बाहेर काढून उजेडात धरा. बोंड काळवंडलंय, दुधाळ झालंय किंवा फुगलंय आणि दिवा जळल्याचे तास (सेटमधला काउंटर मोजतो ते) ६००० च्या पुढे गेलेत, तर दिवाच. बोंड काचेसारखं स्वच्छ, तास कमी, आणि तरी उजेड तुटतोय तर बॅलास्ट.

आणि हे उलट्या बाजूनेही फसवतं. वर सांगितलं ना की वॉट ठरलेले असतात. जुना दिवा समजा १०० व्होल्टवर चालतोय तर १२० वॉटला १.२ अँपियर लागतात, नवीन दिवा ७५ व्होल्टवर चालतो, त्याला १.६ अँपियर. म्हणजे नवीन दिवा टाकला की बॅलास्टमधून करंट जास्त जातो आणि तो जास्त तापतो. दुबळा झालेला बॅलास्ट जुन्या दिव्यावर कसाबसा चालत असतो आणि नवीन दिव्यावर मान टाकतो. लोक म्हणतात जुना दिवा घातला की चालतो आणि नवा घातला की बंद पडतो, मग नवाच खराब. तो नवा दिवा चांगला असू शकतो हो! परत पाठवण्याआधी हे एकदा डोक्यात येऊ द्या.

अजून एक सवय मोडायला हवी. सेट बंद करून दहा सेकंदांत परत चालू करायचा, पेटला नाही की बॅलास्ट गेला म्हणून जाहीर करायचं. गरम दिव्यात दाब इतका असतो की तो पेटतच नाही, कुठल्याही चांगल्या बॅलास्टने पेटत नाही. पंखा थांबू द्या, पाचदहा मिनिटं जाऊ द्या, मग बघा. आणि दिवा बाहेर काढलाच आहे तर त्याचं कनेक्टरही बघा, पिना काळ्या पडल्या असतील किंवा प्लास्टिक वितळलं असेल तर तिथेच ठिणगी उडतेय आणि ते हुबेहूब बॅलास्टसारखं दिसतं. धूळ, पंखा आणि तापमानाचा लाइट हे वेगळं, जाळी साफ करा, पुढे चला.

दिवा घ्यायचा ठरला तर माझं मत पक्कं आहे: बल्बवर फिलिप्स किंवा ऑसरामचं नाव असेल तरच घ्या, आणि जुनी हाउसिंग (बल्ब बसतो ती चौकट) धड असेल तर नुसता बल्ब घेऊन तीत बसवा. कुठलंही नाव नसलेला अर्ध्या किमतीचा दिवा पहिल्या दिवसापासून फडफडू शकतो, आणि त्याच्यावरून बॅलास्टबद्दल काही ठरवणं म्हणजे सगळ्या तपासावर पाणी. बोटं काचेला लावू नका. तास मोजणारा काउंटर शून्य करा, फडफडीशी त्याचा संबंध नाही, पण वर्षभराने वरचा सगळा हिशोब त्यावरच करायचाय.

बॅलास्ट बदलायचा ठरला तर प्लग काढून लगेच आत हात घालू नका, ही मी विनंती करतोय. त्याला पॉवर बोर्डाकडून ३८० व्होल्टच्या आसपास डीसी येतो आणि मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही तो धरून ठेवतो. बराच वेळ थांबा, मीटर लावून उतरलाय याची खात्री करा, मीटर वापरता येत नसेल तर येणाऱ्याला बोलवा. नवीन बॅलास्ट मिळणं आता अवघड, फुटलेल्या पडद्याच्या सेटमधून काढलेले मिळतात, त्यावरचा स्टिकर आणि वॉट जुन्याशी तंतोतंत जुळले पाहिजेत, १०० वॉटचा दिवा १२० च्या बॅलास्टवर कधीही नाही. बसवल्यावर पहिली चाचणी त्यातल्या त्यात स्वच्छ बोंडाच्या दिव्यावर घ्या. आणि काढलेला दिवा रोजच्या कचऱ्यात टाकू नका, आत पारा आहे. काउंटीचा घातक कचरा गोळा करायचा दिवस असतो तेव्हा द्या, तोपर्यंत नवीन दिवा ज्या खोक्यातून आला त्यातच गुंडाळून पोरांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा.