गोल्फ स्विंगमधील आघातक्षणीची हातांची स्थिती

क्लबचे (चेंडू मारायच्या काठीचे) डोके, म्हणजे क्लबहेड, चेंडूला भिडते त्या क्षणी गोल्फपटूचे खांदे, कोपरे आणि मनगटे यांची जी मांडणी असते, तिला आघातक्षणीची (इम्पॅक्टची) हातांची स्थिती म्हणतात. चेंडू क्लबफेसला, म्हणजे क्लबहेडच्या चेंडूवर बसणाऱ्या पृष्ठभागाला, जेमतेम अर्धा मिलिसेकंद चिकटलेला असतो. तेवढ्यात मेंदूचा आदेश स्नायूंपर्यंत पोचूच शकत नाही. त्यामुळे ही स्थिती त्या क्षणी घेता येत नाही. डाउनस्विंग (क्लब वरून चेंडूकडे आणण्याची हालचाल) जसा झाला असेल, तशी ती घडते. थिजवलेल्या छायाचित्राबरहुकूम हात लावण्याचा सराव बहुधा वाया जातो, तो यामुळेच.

उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात लक्ष्याच्या बाजूला असतो. आयर्नच्या (धातूच्या चपट्या डोक्याच्या क्लबच्या) चांगल्या फटक्यात तो सरळ असतो, पण ताठ नसतो. वेगाने फिरणारा क्लब बाहेरच्या दिशेने ओढतो आणि त्या ओढीनेच सैल हात ताणला जातो. मुद्दाम आवळलेला हात उलट वेग मारतो. डावे मनगट सपाट किंवा लक्ष्याकडे किंचित फुगलेले असते. अमेरिकी गोल्फपटू बेन होगन यांचा मनगटाच्या या उंचावलेल्या हाडावर मोठा भर होता. उजवे कोपर मात्र अजून थोडे वाकलेले आणि बरगड्यांजवळ असते, उजवे मनगटही मागे मुडपलेले असते. दोन्ही हात पूर्ण सरळ दिसतात ते चेंडू निघून गेल्यावर. कंबर तोवर लक्ष्याकडे बरीच वळलेली असते, खांदे त्याहून कमी. म्हणजे सुरुवातीला चेंडूपाशी उभे राहतानाची ठेवण इथे परत येत नाही.

या मांडणीत हातांचे पंजे चेंडूच्या पुढे असतात आणि शाफ्ट (क्लबची दांडी) लक्ष्याकडे झुकतो. क्लबचा लॉफ्ट, म्हणजे क्लबफेसचा मागे कललेला कोन, घटतो, क्लबहेड खाली उतरतानाच चेंडूला गाठते आणि हिरवळीचा तुकडा चेंडूच्या पुढून निघतो. उजवे मनगट आधीच सुटले, तर क्लबहेड पंजांच्या पुढे धावते. मग आधी जमिनीला मार बसतो किंवा चेंडूच्या माथ्याला. ड्रायव्हरचा (लांब फटक्याच्या क्लबचा) चेंडू टीवर (जमिनीत रोवलेल्या छोट्या खुंटीवर), पुढच्या पायाच्या रेषेत असल्याने तिथे हा झुकाव अगदी कमी असतो.

आघाताच्या सुमारास डावे कोपर वाकून बाहेर निघते, त्या दोषाला ‘चिकन विंग’ म्हणतात. मूळ बहुधा कोपरात नसते. शरीराचे वळणे थांबलेले असते, क्लबफेस उघडा (लक्ष्याच्या उजवीकडे वळलेला) असतो किंवा क्लब फार उभा उतरत असतो आणि जमीन टाळायला हात आखडतो. कारण तसेच ठेवून फक्त हात सरळ केला, तर क्लब मातीत रुततो.

तरीही सरळ डावा हात ही अट नव्हे. लहानपणी मोडलेले डावे कोपर अमेरिकी गोल्फपटू कॅल्विन पीट यांना कधीच पूर्ण सरळ करता आले नाही. तरी 1981 ते 1990 अशी सलग दहा वर्षे पीजीए टूरवर (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत) ड्राइव्हच्या, म्हणजे टीवरून मारलेल्या लांब फटक्याच्या, अचूकतेत तेच पहिले होते. 2010 मध्ये जागतिक क्रमवारीत अव्वल ठरलेले ली वेस्टवुड आणि 2015 मध्ये मास्टर्स व यूएस ओपन जिंकणारे जॉर्डन स्पीथ यांचाही डावा हात आघाताच्या वेळी वाकलेला दिसतो. तिघांनीही चेंडूवर येणारा क्लबफेस मात्र काबूत ठेवला.